पालकमंत्री साहेब, त्या वॉर्डाची किल्ली कुणाकडे आहे?

मा. पालकमंत्री साहेब,

सप्रेम नमस्कार. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुमचे कार्यकर्ते घरी यायचे, आणि माझ्या घराला रॅम्प आहे, उगाच त्यांची सोय व्हायची.

मागच्या 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, तुम्ही इथल्या सरकारी दवाखान्यात मणक्याच्या पेशंटसाठी दहा खाटांच्या पुनर्वसन वॉर्डाची फीत कापली. मी अगदी पुढे होतो, म्हणजे फोटोसाठी माझी व्हीलचेअर पुढे ओढून घेतली होती. आता कुणालाही मुंबई-पुण्याला पळावं लागणार नाही म्हणालात, टाळ्या मीपण वाजवल्या. गेल्या मंगळवारी तिथं गेलो तर कुलूप. काचेतून पाहिलं, आत मोडक्या खाटा आणि रिकामी खोकी.

गेलो होतो एका पोरासाठी. 19 वर्षांचा, विहिरीच्या कामावर पडला. ऑपरेशन झालं, अकराव्या दिवशी डिस्चार्ज, लघवीची नळी आणि पिशवी तशीच लावलेली, आणि कागदाच्या शेवटी दोन शब्द, 'फिजिओथेरपी करणे'. कोण करणार, कुठे, काही नाही. तीन आठवड्यांत माकडहाडावर अशी जखम झालीय की आतलं हाड दिसतंय. त्याची आई मला विचारते, दादा, हळद भरू का?

मला काही बोलताच येईना. 2017 ला माझी आईपण हेच विचारत होती.

मे महिना होता, नव्या घराच्या स्लॅबवर पाणी मारत होतो, पाय घसरला. लोकांनी हातापायाला धरून टमटममध्ये घातलं, त्यांचा तरी काय दोष, मणका हलवायचा नसतो हे कुणी सांगितलंच नव्हतं कधी. ऑपरेशन नवव्या दिवशी, पैसे जमल्यावर. घरी आलो ते नळी घेऊनच, ती 14 महिने तशीच, दर दीड-दोन महिन्यांनी थंडी वाजून ताप, इंजेक्शनं, परत घरी. बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणारी जखम, झाला तेव्हा चार महिने पालथा पडून होतो. बायको रोज ड्रेसिंग करायची आणि बाहेर जाऊन उलटी करून यायची, मला कळू नये म्हणून नळ सोडून ठेवायची. दोन म्हशी त्यात गेल्या.

आणि साहेब, हे सगळं टाळता येत होतं हो! नंतर वाचत बसलो, दुसरं काम काय होतं. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला गटमन नावाच्या डॉक्टरने 1944 ला मणक्याचा वॉर्ड काढला, त्याआधी असे पेशंट बेडसोर आणि किडनीच्या इन्फेक्शननेच जायचे. त्याने नियम केला, दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. याला लागतं काय? दोन माणसं, चार उशा, एक घड्याळ. नळीचंही तेच. दर चार-पाच तासांनी आपल्या हाताने स्वच्छ नळी घालायची, लघवी काढायची, नळी बाहेर. अमेरिकेतल्या लॅपिडिस डॉक्टरने हे 1972 ला छापलं. 1972, म्हणजे दुष्काळाचं साल! आमचा आजा खडी फोडून सुकडी खात होता तेव्हापासून जगाला माहीत असलेली गोष्ट या पोराच्या डिस्चार्ज कागदापर्यंत अजून पोचलेली नाही. मला ती शिकवली एका पंक्चर काढणाऱ्याने, माझ्यासारखाच व्हीलचेअरवरचा, व्हिडिओ कॉलवर. तेव्हापासून दिवसातून पाच वेळा, सात वर्षं, बारा हजारांच्या वर वेळा झालं असेल, ताप क्वचित.

त्याच 1972 ला आपल्या मुरलीकांत पेटकरांनी जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण आणलं, 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेला माणूस. खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक सेंटर, म्हणजे कमरेखाली लुळं पडलेल्यांचं केंद्र, आहे, असायलाच पाहिजे. पण स्लॅबवरून पडलेल्या माणसाचा मणका काय वेगळ्या मातीचा असतो?

बरं, नवीन शोध आमच्यापर्यंत पोचतच नाहीत असंही नाही. स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशी टोचायच्या उपचाराचं, पत्रक बरोबर घरी आलं. अडीच लाख दिले, 18 गुंठे विकून, पायाचा अंगठा काही हलला नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या नियमावलीत लिहिलंय की रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच वापरायचे. म्हणजे जे सिद्ध झालंय ते कुलपात, आणि जे नाही ते एसटी स्टँडच्या भिंतीवर. वा!

स्वतंत्र दिव्यांग कल्याण खातं 2022 ला आपण काढलं म्हणे. अभिनंदन. आमचा हयातीचा दाखला मात्र दुसऱ्या मजल्यावरच मिळतो, लिफ्ट नाही, क्लार्क खाली येत नाही. मी जिवंत आहे हे सांगायला चार माणसं मला उचलून वर नेतात, एकदा जिन्यात हात सुटला असता तर दाखल्याची गरजच संपली असती. मतदानाला मात्र गाडी दारात येते, हारासकट. जागतिक आरोग्य संघटना म्हणते जगात मणक्याला इजा झालेले दीड कोटींवर लोक आहेत. आपल्या जिल्ह्यात किती? मी आपला अंदाजे तीन-चारशे धरतो, चूक असेल तर मोजा आणि सांगा, मोजायचं काम तुमचं आहे, मी उगाच अंगावर घेतलंय.

मागणं फार नाही. वॉर्ड उघडा. पंचतारांकित नको, रोबोट नको, दोन नर्स नीट शिकवून कायम ठेवा, बदली करू नका. घरी सोडायच्या आधी घरच्यांकडून कूस बदलून घ्या आणि पेशंटकडून नळी घालून घ्या, आलं तरच डिस्चार्ज. नळ्या मोफत औषधांत टाका, मी एक नळी धुऊन आठवडाभर वापरतो. पोराला त्याच वॉर्डात आधी घ्या.

आपला,
पहिल्या रांगेतला व्हीलचेअरवाला

ता. क. किल्लीचं विचारलं. दवाखानावाले म्हणतात बांधकामवाल्यांकडे, बांधकामवाले म्हणतात आम्ही कधीच दिली. कात्री मात्र तुमच्या पीएने खिशात घातली होती, फोटोत दिसतेय.