येताना गीतांजलीने ये

सातारा,
११ मार्च

प्रिय वासंती,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "तिघं जण विमानाने कलकत्त्याला जाऊन आलात, एवढा खर्च कसा गं झेपला?" तेव्हा मी बाजारात होते, हातात दोन पिशव्या, धड बोलता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर फोनवर आटपण्यासारखं हे नव्हतंच. आज दुपारी घरात निवांत आहे, म्हणून सविस्तर लिहायला बसले. तू आणि भाऊजींनी पुढच्या थंडीत जायलाच हवं, आणि पैशांपायी ते राहता कामा नये, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी तारखेचं सांगते. नोकरीत होतो तोवर आपल्या सगळ्या सहली दिवाळीत नाहीतर मे महिन्यात. त्याच वेळी सगळं जग घराबाहेर पडतं आणि तिकिटांचे भाव आभाळाला भिडतात. आता वाटेल त्या वारी निघता येतं. निवृत्तीने आपल्याला दिलेलं हे मोठं धन आहे, ते वापर. दुर्गापूजेचे दिवस टाळ, नाताळचा आठवडा टाळ. आम्ही फेब्रुवारीतला मंगळवार धरला. आदल्या शुक्रवारच्या संध्याकाळच्या आणि या मंगळवारच्या दुपारच्या विमानात माणशी अडीच हजारांचा फरक होता. विमान तेच, अंतर तेच.

दुसरी गोष्ट मला भाच्याने शिकवली. विमानात एका रांगेत बसलेल्या तिघांनी तीन वेगळे भाव दिलेले असू शकतात, कारण कंपनी जागांचे भावाप्रमाणे गट पाडते. स्वस्त गटातल्या जागा संपल्या की वरचा गट उघडतो. हे, मी आणि वन्सं, अशा तिघांच्या जागा एकदम टाकल्या तेव्हा माणशी ६,८५० रुपये दिसले. मग एकच टाकून पाहिली, ५,४००. दोन टाकल्या, तरी ५,४००. म्हणजे स्वस्तात दोनच शिल्लक होत्या, आणि तिसरी मागितली की तिघांनाही वरचा भाव लागत होता. दोन तिकिटं एकत्र काढली, तिसरं वेगळं. बसल्या जागी २,९०० रुपये वाचले. मात्र सोबत लहान मूल असेल किंवा हात धरून न्यावं लागणारं माणूस असेल तर असं करू नकोस. बुकिंग वेगळं असलं की उड्डाण बदललं तर ताटातूट होऊ शकते.

मुंबईहून तिकीट आठशे रुपयांनी कमी होतं, पण मी पुण्याहूनच काढलं. हिशेब घराच्या उंबऱ्यापासून मांडायचा. तीन वर्षांपूर्वी बंगळूरला मुलाकडे जाताना स्वस्त म्हणून पहाटे साडेपाचचं विमान घेतलं. रात्री एकला सातारा सोडायला गाडी केली, तिनेच वाचलेले सगळे पैसे खाल्ले. शिवाय येताना सामान चार किलो जास्त भरलं आणि काउंटरवर किलोमागे पाचशेच्या वर मोजावे लागले. त्यात निम्मी पुस्तकं होती. ती मी तिथेच काढून ठेवू की काय, अशा विचाराने रडकुंडीला आले होते. तेव्हाच ठरवलं, की जिथून पुस्तकं आणायची त्या गावाला विमानाने जायचं आणि येताना आगगाडीने यायचं. विमानात सामानाला १५ किलो आणि हातातल्या बॅगेला ७ किलो. थर्ड एसीच्या डब्यात माणशी ४० किलो फुकट. आपल्या वयाला दोन्ही प्रवास गाडीने नको वाटतात, पण एक झेपतो, आणि विमानाचं तिकीटही एकच लागतं.

आणि गाडी कुठली, तर गीतांजली! हावडा ते मुंबई. १९७७ च्या डिसेंबरात ती सुरू झाली तेव्हा रेल्वेमंत्री होते आपले मधू दंडवते, राजापूरचे खासदार. वरचा वर्ग, खालचा वर्ग असा भेद नसलेली गाडी त्यांनी काढली आणि तिला रवींद्रनाथांच्या पुस्तकाचं नाव दिलं. आता तिला एसीचे डबे आहेत, ते दिवस गेले. पण नाव आहे. त्याच दिशेला आणखी एक गाडी धावते, तिचं नाव ज्ञानेश्वरी एक्सप्रेस. महाराष्ट्र आणि बंगाल यांच्यामध्ये ज्ञानेश्वरी आणि गीतांजली ये-जा करतात, याचं मला केवढं अप्रूप वाटतं म्हणून सांगू!

कलकत्त्यात उतरलो. विमानतळापर्यंत आता मेट्रो आली आहे. नोआपाड्याला गाडी बदलली की थेट महात्मा गांधी रोड. मुद्दाम त्याच स्टेशनाजवळ खोली घेतली, कारण तिथून पुस्तकांच्या टपऱ्यांचा कॉलेज स्ट्रीटही चालत आणि रवींद्रनाथांचा जोडासाँकोचा वाडाही चालत. टॅक्सीचे पैसे वाचले ते वाचलेच, पण जुन्या गल्ल्यांतून पायी हिंडायला मिळालं. वारांचं मात्र पक्कं लक्षात ठेव. जोडासाँकोचं संग्रहालय सोमवारी बंद, कॉलेज स्ट्रीटची दुकानं रविवारी बंद आणि शांतिनिकेतनची सुट्टी बुधवारी. आम्ही सगळा कार्यक्रम या तीन वारांभोवती बेतला होता.

जोडासाँकोला, म्हणजे ठाकुरांच्या वाड्यात, चपला बाहेर काढायच्या. लाल रंगाची ती प्रचंड वास्तू, मधे चौक, आणि वर गेलं की एकेक दालन. याच घरात १८६१ साली रवींद्रनाथ जन्मले आणि याच घरात ७ ऑगस्ट १९४१ ला गेले. आठवडाभर आधी, ३० जुलैला, इथेच त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्या दिवशी सकाळी त्यांनी शेवटची कविता तोंडी सांगून लिहून घेतली. ती खोली आहे. तिथे पाऊल ठेवलं आणि वन्संनी माझा हात घट्ट धरला. पायाखालची फरशी गार होती. बराच वेळ तिघंही काही बोललो नाही.

तिथे उभी असताना मला आपलं सातारा आठवलं. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ, आयसीएस झालेले पहिले भारतीय, इथे साताऱ्याला न्यायाधीश होते आणि १८९७ साली इथूनच निवृत्त झाले. तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. आणि सतरा वर्षांचा रवी विलायतेला जाण्याआधी, १८७८ मध्ये, मुंबईला डॉ. आत्माराम पांडुरंगांच्या घरी राहिला होता. तिथे त्यांच्या मुलीने, अन्नपूर्णेने, त्याला इंग्रजी शिकवलं आणि त्याने तिला 'नलिनी' हे नाव दिलं. आपण वर्गात ज्या दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणाचं नाव घेत आलो, त्यांची ही पुतणी. तीस वर्षं मराठी शिकवली, पण हा धागा मुलांना कधी सांगितला नाही, याची हळहळ वाटली.

कॉलेज स्ट्रीटबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते सांगून कळायचं नाही. फूटपाथवर दुतर्फा पुस्तकांच्या टपऱ्या, मधून ट्रामचे रूळ, आणि कॉफी हाउसच्या उंच छताला लांब दांड्यांवर लटकलेले पंखे. डोक्याला पांढरा फेटा बांधलेल्या वेटरने दुधाविना कॉफी आणली, तिला तिथे 'इन्फ्यूजन' म्हणतात. एका टपरीवर विद्यासागरांचं 'वर्णपरिचय' मिळालं. १८५५ पासून बंगाली मुलं अक्षरं शिकत आली ती यातून. पातळ, अगदी स्वस्त. पहिल्यांदा तेच घेतलं.

आता देऊलटीचं. हे सगळ्यांत जपून लिहायचं होतं.

तुला माझी आई आठवते. चौथीपर्यंत शिकलेली. दुपारची भांडी आवरली की माजघरात भिंतीला टेकून वाचायची, आणि वाचायची ते शरदबाबू, म्हणजे बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय. मामा वरेरकरांनी मराठीत आणलेले शरदबाबू. त्या कादंबऱ्यांतल्या सोसणाऱ्या बायकांसाठी तिने पदराने डोळे पुसलेले मी पाहिलेत. पंढरपूर आणि तुळजापूर सोडून ती कुठे गेली नाही. पण बंगालमधली खेडी, तिथली तळी, नावा आणि विटाळ मानणारे भटजी, हे सगळं तिला शेजारच्या आळीसारखं माहीत होतं.

त्या शरदबाबूंचं घर पाहायला हावड्याहून लोकलने देऊलटीला जायचं. खरगपूरच्या मार्गावर आहे, दीडेक तास लागतो आणि तिकीट चहा-बिस्किटाच्या पैशांत येतं. स्टेशनबाहेर टोटो मिळतात, म्हणजे आपल्या इकडच्या ई-रिक्षा. त्यातून शामताबेड. शरदबाबू तरुणपणी कितीतरी वर्षं रंगूनला नोकरीत होते, म्हणून हे घरही बर्मी वळणाचं, दुमजली, भोवती पडवी. रूपनारायण नदी पूर्वी अगदी घराजवळून वाहायची, आता ती दूर सरकली आहे. १९७८ च्या पुरात या घराचं बरंच नुकसान झालं होतं, पुढे ते दुरुस्त केलं.

आम्ही गेलो तेव्हा तिथे दुसरं कुणी नव्हतं. राखणदाराने खोल्या दाखवल्या, पलंग, लिहायची जागा, खिडकी. मी पिशवीतून आईचं पुस्तक काढलं. पाठ सुटलेली, पानं बिस्किटासारखी झालेली, आतल्या पानावर तिच्या हातचं तिचं नाव, पेन्सिलने, 'बाई' शब्दातल्या ईची शेपटी लांब ओढलेली. पडवीच्या पायरीवर ते ठेवलं आणि शेजारी बसले. राखणदार जवळ आला, वाकून पाहिलं, विचारलं, "एटा कोन भाषा?" मी म्हटलं, मराठी. लेखकाचं नाव बोटाने दाखवून वाचून दाखवलं. तो दोनदा म्हणाला, "शरतबाबू, मराठीते!" आणि त्याने पुस्तक कपाळाला लावून माझ्या हातात परत दिलं. वासंती, मला रडू आवरलं नाही. हे बागेत जाऊन उभे राहिले, त्यांचेही डोळे भरले होते. आईला तिथे नेता आलं नाही, पण तिची अक्षरं त्या पायरीवर टेकली.

त्या दिवसाचा तिघांचा सगळा खर्च, चहा-नाश्ता धरून, पाचशेच्या आत. म्हणून म्हणते, तिकिटावर वाचवलेल्या पैशांत एक दिवस वाढव आणि तो देऊलटीला दे. सहल काढणारे लोक तिथे नेत नाहीत.

शनिवारी सकाळी हावड्याहून बोलपूर, म्हणजे शांतिनिकेतनचं स्टेशन. खोआईवरच्या, म्हणजे लाल मातीच्या घळींमधल्या, सोनाझुरीच्या हाटात (बाजारात) एकतारी घेतलेले बाऊल, म्हणजे भटके गायक, ऐकले. गर्दी फार होती, मला तिथे रमता आलं नाही. रविवार मात्र सोन्यासारखा गेला. बुधवारची सुट्टी असल्यामुळे रविवारी तिथे शाळा भरते. झाडाखाली वर्ग बसला होता, पिवळ्या गणवेशातली मुलं आसनावर आणि मधे बाई. पाहुण्यांना जवळ जाऊ देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. लांबून पाहिलं. बाईंनी काहीतरी विचारलं आणि सगळे हात एकदम वर गेले. मला माझा सातवी 'ब' दिसला.

छातीमतलाही पाहिला. रवींद्रनाथांचे वडील महर्षी देवेंद्रनाथ ज्या झाडाखाली ध्यानाला बसत तो छातीम म्हणजे आपली सातवीण. तिथे कोरलंय, 'तिनि आमार प्राणेर आराम, मनेर आनंद, आत्मार शांति.' यातला कुठला शब्द तुला परका आहे सांग! पुढे उत्तरायणात, म्हणजे रवींद्रनाथांच्या घरांच्या आवारात, 'श्यामली' आहे, १९३५ साली बांधलेलं मातीचं घर, वरचं छतही मातीचंच. बाहेरच्या भिंतींवर उठावाची चित्रं, नंदलाल बोस आणि रामकिंकर यांच्या हातची. जगभर मान मिळालेला माणूस पंच्याहत्तरीला आला असताना मातीच्या घरात राहायला जातो, हे मी आजवर फक्त वाचलं होतं. त्या भिंतीवरचे बोटांचे फराटे बघ, सारवलेल्या ओट्यासारखे आहेत.

सोमवारी दुपारी हावड्याला गीतांजली धरली. तिघांत मिळून सव्वीस किलो पुस्तकं निघाली. विमानाला याचे किती पडले असते ते मनातल्या मनात करून बघ. डब्याच्या पाटीवर गाडीचं नाव बंगालीतही होतं. 'वर्णपरिचय' हातात घेऊन मी ते अक्षर अक्षर लावत वाचलं, आणि ते आधीच ठाऊक होतं तरी वाचता आलं म्हणून लहान मुलीसारखा आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा गाडी नागपूरच्या अलीकडे होती आणि वन्संचे बंगालीतले क, ख, ग पाठ झाले होते.

आता तुझं सांग. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, यातला कुठला आठवडा भाऊजींना जमेल? नाशिकहून थेट विमानाच्या मागे न लागता मुंबई आणि पुणे दोन्हीकडून भाव पाहू, घरापासूनच्या खर्चासकट. गीतांजली तुम्हाला नाशिक रोडलाच सोडेल की नाही, तेही वेळापत्रकात बघून ठेवते. नाहीतर कल्याणला उतरा, आम्ही तसंच केलं. तुझ्यासाठी 'वर्णपरिचय'ची एक प्रत जास्तीची आणली आहे, या पत्राबरोबरच पाठवते. तोवर अक्षरं गिरवून ठेव. रविवारी रात्री नऊनंतर फोन कर, तिकिटं बघायला बसू.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
निर्मला