पाठमोऱ्या छायाचित्राबद्दल

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पान 3 वर लठ्ठपणाविरोधी जनजागृती फेरीची बातमी आणि तिच्यासोबत दोन छायाचित्रे आली आहेत. पहिल्यात मान्यवर हिरवा झेंडा दाखवत आहेत. दुसऱ्यात जांभळ्या इरकलीतील एक स्थूल बाई पाठमोरी चालली आहे आणि खाली ‘वाढते वजन : शहरापुढील नवी चिंता’ अशी ओळ आहे. ती शहरापुढील नवी चिंता म्हणजे मी.

मी त्या फेरीत नव्हते. रविवारी सकाळी सात वाजता मी गिरणीतून ज्वारीचे पीठ घेऊन निघाले होते, फेरी मागून आली आणि तिला वाट देण्यासाठी मी रस्त्याच्या कडेला झाले. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेला भेगा पडतात आणि तव्यावर टाकताना ती हातातच मोडते, म्हणून मला दर वेळी ताजे दळण आणावे लागते. फेरीतील मुलांच्या हातांत ‘ज्वारी खा, बाजरी खा’ असे फलक होते आणि मी पिठाचा डबा पोटाशी धरला होता. छायाचित्र मागून घेतल्यामुळे डबा दिसत नाही.

चेहरा दिसत नसल्यामुळे ओळख पटणार नाही, असा विचार आपल्याकडे झाला असावा आणि त्यामागचा हेतू सभ्यच असणार, हे मी मान्य करते. अडचण एवढीच की मी लातुरात विद्यार्थ्यांची खानावळ चालवते. शिकवणीसाठी गावोगावहून आलेली चाळीस मुले माझ्याकडे दोन वेळा जेवतात. मी शेगडीकडे तोंड करून भाकरी थापत असते, त्यामुळे वर्षभर त्यांना माझी पाठच दिसते. काल पहिल्या पंगतीला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलाने ताटाशेजारी आपला अंक उघडला आणि अगदी निरागसपणे विचारले, “काकू, या तुम्हीच ना?” बाकीची मुले खाली मान घालून जेवत राहिली. नंतर कोणीही जास्तीची भाकरी मागितली नाही.

माझे वजन 84 किलो आहे. ते मी लपवत नाही. गिरणीवाल्याच्या काट्यावर दळणाआधी मी स्वतःच उभी राहते आणि तो आकडा तेथे बसलेल्या सर्वांना ऐकू जातो. कारणही मला ठाऊक आहे. खानावळवालीचे जेवण दुपारी चारला आणि रात्री अकराला होते, आणि त्यात जे उरले असेल ते असते, म्हणजे बहुधा भात आणि भाजी संपल्यावर पातेल्यात राहिलेली तर्री. ते टाकून द्यावे, असे आपल्या बातमीतील आहारतज्ज्ञ म्हणतील. 1972 च्या दुष्काळात माझी आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती आणि आमच्या घरी परदेशातून आलेल्या मिलो या लाल ज्वारीच्या भाकरी होत होत्या. मी तेव्हा तीन वर्षांची होते, मला काही आठवत नाही. परंतु अन्न टाकणाऱ्या हातावर आईची चापट पुढची वीस वर्षे पडत होती, ती आठवते. माझ्या वजनात तिचाही वाटा आहे आणि तो फलक लावून उतरणारा नाही.

फेरीच्या आयोजकांवर माझा राग नाही. लोकांनी नीट खावे म्हणून कोणी रविवारची झोप मोडून रस्त्यावर येत असेल, तर ते चांगलेच आहे. परंतु त्यांच्यापैकी एकाही सद्गृहस्थाने शहरातील खानावळवाल्यांना आजवर बोलावलेले नाही, आणि या शहरात हजारो मुलांच्या पोटात काय जाते, हे घरच्या आईपेक्षा आम्हीच जास्त ठरवतो. दोन वर्षांपूर्वी मी आपल्या मनाने आठवड्यातून चार दिवस चपातीऐवजी भाकरी सुरू केली. सोबत कधी अंबाडीची भाजी, कधी येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. महिन्याच्या आत अकरा मुले दुसरीकडे गेली. औशाकडचे एक पालक मला समजवायला आले. ते स्वतः शेतकरी आहेत. म्हणाले, “ताई, घरी तर भाकरीच आहे, इथं एवढे पैसे भरतो ते पोरानं चपाती खावी म्हणून.” या वाक्यावर मला उत्तर सुचले नाही, आजही सुचलेले नाही. आता मी दोन दिवस भाकरी आणि पाच दिवस चपाती करते.

शिवाय ज्वारी स्वस्त राहिलेली नाही. मी आडतीवर ती गव्हापेक्षा महाग घेते. आमच्या जिल्ह्यात शिवारेच्या शिवारे सोयाबीनखाली गेली आणि त्यामागे हरभरा आला. ज्वारी उपटायला आणि कणसे खुडायला मजूर मिळत नाहीत, राखणीला माणूस नाही, त्यामुळे ज्याच्याकडे जनावरे आहेत तो कडब्यापुरती पेरतो. 2023 हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. परभणीच्या आपल्याच कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत तयार केलेले, लोह आणि जस्त जास्त असलेले ‘परभणी शक्ती’ हे वाण 2018 मध्येच आले आहे. मी तीन हंगाम त्याचे पोते विचारते आहे, आडतदार हसतो. दुसरीकडे 2022 च्या दिवाळीला शिधापत्रिकेवर 100 रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ मिळाला, त्यात रवा, साखर, चणाडाळ आणि एक लिटर पामतेल होते. गरिबाच्या घरी सणाला गोड व्हावे, याला माझा विरोध नाही, मीही तो रांगेत उभी राहून आणला. फक्त पुढे सरकारच तेल कमी खा म्हणते, तेव्हा थोडे अवघडल्यासारखे होते. तरीही फेब्रुवारी 2025 मध्ये ‘मन की बात’मध्ये तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन झाले, तेव्हापासून अकरा दिवस पुरणारा 15 किलोचा डबा मी बारा दिवस पुरवते. मुलांच्या लक्षात आलेले नाही. कृपया त्याची बातमी करू नये.

आणखी एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीनुसार देशात 15 ते 49 वयोगटातील 24 टक्के स्त्रिया आणि सुमारे 23 टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. म्हणजे फरक जेमतेम एका टक्क्याचा आहे. तरी अशा बातमीसोबत मागून टिपलेली बाईच कशी सापडते, हे मला समजलेले नाही. कालच्या पहिल्या छायाचित्रात झेंडा धरलेल्या मान्यवरांपैकी निदान तिघे त्या ओळीला माझ्याइतकेच पात्र होते आणि ते तर कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे होते.

विषय निघालाच आहे म्हणून आपल्या रविवारच्या पुरवणीबद्दलही लिहिते. त्यात ‘वजन घटवणारी भाकरी’ या मथळ्याखाली ज्वारीच्या पिठात दोन मोठे चमचे तेलाचे मोहन घालून लाटण्याने लाटण्याची कृती दिली आहे. भाकरीला मोहन नसते. गरम पाणी, मळणारा तळहात आणि तापलेला तवा एवढ्यावर ती होते. पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंत तेलाचा थेंब लागत नाही, आणि वजनाचा विचार करणाऱ्याला तिचा उपयोग आहे तो त्यामुळेच. ही कृती कोणी लिहिली ते दिलेले नाही. ज्यांनी लिहिली त्यांनी केव्हाही माझ्याकडे यावे, मी समोर बसवून शिकवीन, पैसे घेणार नाही.

छायाचित्राबद्दल मला माफीनामा नको आहे. ते आपल्या संकेतस्थळावर अजून आहे, तेथून काढावे, आणि पुरवणीतील कृतीची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी. अंकाची वर्गणी मी डिसेंबरपर्यंत भरलेली असल्यामुळे दुरुस्ती आली की नाही, हे मला दिसेलच.

आपली,
एक खानावळचालक, लातूर