नंबर प्लेट आली, पण ती धड बसली का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, लावण्यावरून राज्यात भरपूर चर्चा झाली. मुदत, दर, ऑनलाइन नोंदणी, सगळ्यावर लोक बोलले. ती प्लेट गाडीवर बसवतात कशी, हा विषय मात्र राहूनच गेला. चारचाकीच्या मालकाने ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे मोजायचे आणि पाच मिनिटांत घाईने ठोकलेली प्लेट पुढच्या पावसाळ्यात खडखडू लागायची, हे बरे नव्हे. यातला बहुतेक दोष चुकीच्या जागी किंवा चुकीच्या मापाने पाडलेल्या भोकांचा असतो.

ही प्लेट १ मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियम पत्र्याची असते. चारचाकीला बहुधा ५०० बाय १२० मिमीची लागते. अर्धा मीटर लांबीचा एवढा पातळ पत्रा फक्त वरच्या दोन भोकांवर टांगला, तर खालची कड मोकळी राहते. डिकी आपटली की ती थरथरते आणि काही महिन्यांत भोकाच्या काठाशी चीर पडते. पुढच्या प्लेटचे हाल वेगळे. तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेली की पाणी मोकळ्या कडेमागे शिरून पत्रा वर उचलते. पाणी ओसरल्यावर रस्त्यावर नंबर प्लेटा सापडतात त्या अशाच सुटलेल्या. म्हणून पुढे चार ठिकाणी पकड हवी, नाहीतर मागे पूर्ण लांबीची प्लास्टिकची बेसप्लेट हवी. फोमची दुहेरी चिकटपट्टी खडखड थांबवायला खालच्या दोन कोपऱ्यांना जरूर लावावी, पण तिच्या एकटीच्या भरवशावर प्लेट सोडू नये.

मागची प्लेट स्नॅप लॉकने बसवतात. हे लॉक एकदा दाबले की उघडत नाही, काढायचे तर तोडावेच लागते. प्लेटची चोरी आणि अदलाबदल रोखण्यासाठीच ते आहे. त्यामुळे दाबण्याआधी प्लेट आडवी सरळ आहे का, दोन्ही प्लेटांवर डाव्या बाजूला खाली लेसरने कोरलेले क्रमांक पावतीशी जुळतात का, हे मालकाने स्वतः पाहावे. भोक लॉकच्या मापापेक्षा मोठे झाले असेल, तर लॉक बसल्यासारखे दिसते पण आत पकडत नाही. प्लेट हाताने हलवून पाहिली की लगेच कळते.

भोक गाडीला पाडायचे की प्लेटला, हा खरा कळीचा प्रश्न. गाडीला कंपनीची भोके आधीच असतात. प्लेट त्यांच्यावर धरून मागून पेन्सिलने खूण करावी आणि प्लेटला भोक पाडावे. फिटिंग करणारे अनेकदा उलटे करतात: प्लेट गाडीवर दाबून धरतात आणि ड्रिल आरपार घालतात. हॅचबॅकच्या डिकीत त्या पत्र्यामागेच नंबर प्लेटच्या दिव्याची, डिकीच्या लॉकची आणि असल्यास रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर असते. ड्रिलचा बिट १० मिमी जास्त आत गेला तरी वायर सोलली जाते, आणि दोष दिसतो तो पहिल्या पावसात फ्यूज उडाल्यावर. नवे भोक टाळता येतच नसेल, तर बिटला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करावी, भोकाच्या काठाला प्रायमर लावून तो सुकू द्यावा आणि मगच लॉक घालावे. कोकणातल्या खाऱ्या हवेत उघडा राहिलेला पत्रा एका पावसाळ्यातच गंज धरतो.

पुढे प्लास्टिकच्या बंपरला साधारण ५ मिमीचा स्क्रू लागतो. त्यासाठी भोक ४ मिमीच्या आतलेच हवे, नाहीतर आटे धरत नाहीत. पॉवर ड्रायव्हरने करकचून आवळले तरी आटे मरतात. मेलेल्या भोकात एम-सील भरण्यापेक्षा प्लास्टिकचे ग्रोमेट, म्हणजे भोकात घट्ट बसून स्क्रू पकडणारी बुशी, बसवावे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचा आणि खाली नायलॉनचा वॉशर घ्यावा. साधे लोखंड अॅल्युमिनियमला टेकले की ओलाव्यात भोकाभोवती पांढरी भुकटी धरते आणि पत्रा खाल्ला जातो.

स्क्रूचे डोके अक्षर-अंकांवर येता कामा नये. ३ च्या पोकळीत काळे डोके आले की कॅमेऱ्याला तो ८ वाटू शकतो, आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आता चलन कॅमेऱ्यांवरूनच निघते. त्यामुळे स्क्रूवर पांढरी टोपी लावावी. अशोकचक्राचा होलोग्राम किंवा लेसर क्रमांक झाकणारी जाड फ्रेम किंवा काच तर नकोच. मागची प्लेट रात्री पांढऱ्या दिव्याच्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे, असा नियम आहे. फ्रेमची सावली नेमकी अक्षरांच्या वरच्या भागावर पडते.

परिवहन विभागाला विनंती आहे की फिटिंग केंद्रांसाठी बसवण्याची लेखी पद्धत ठरवून द्यावी आणि ती भिंतीवर लावायला सांगावी. किती पकडी, कुठल्या मापाचे भोक, नव्या भोकाला प्रायमर, एवढे तरी तिच्यात असावे. पुढे बेसप्लेट द्यायची की नाही, हे फिटरच्या मर्जीवर सोडू नये. सोसायट्यांमध्ये शिबिरे लागतात तिथे एका दिवसात शंभर गाड्या उरकायची घाई असते, आणि सगळ्यात वाईट काम तिथेच होते.

प्लेट पडली वा चोरीला गेली, तर आधी पोलिसांत तक्रार द्यावी आणि तिची प्रत जोडून बदली प्लेट मागवावी. रस्त्यावरच्या दुकानातून तशीच दिसणारी करून घेऊ नये, तिच्यावरचा क्रमांक सरकारी नोंदीत नसतो. नवी प्लेट बसल्यावर पंधरा दिवसांनी पुढचे स्क्रू एकदा हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने तपासावेत. प्लास्टिक दबून ते थोडे ढिले झालेले असतात.

आपला,
एक मोटर मेकॅनिक, रत्नागिरी