तात्या, तुमची लेव्हल माझ्याकडेच राहिली

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "ठेव रे, बिल वाढतंय" म्हणून फोन ठेवता. हल्ली बिलबिल काही वाढत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून चार लोकांसमोर लिहितोय. जुनं लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, घ्यायला निघालेल्या कुणाच्या हे कामी आलं तर तेही तुमच्याच खात्यावर.

एप्रिलमध्ये चिपळूणजवळच्या त्या शेडमध्ये पहिल्यांदा गेलो, तेव्हा मी टोकन द्यायच्याच तयारीत होतो. सहा फुटी बेड (सगळं ज्यावर सरकतं तो लांब ओतीव पाया), हरिहरच्या मैसूर किर्लोस्करचं जुनं ओतकाम, वर नवाकोरा हिरवा रंग. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींचे शाफ्ट दुसऱ्याच्या वर्कशॉपात नेऊन रांगेत बसायचा मला कंटाळा आला होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद; त्या दोन महिन्यांत सगळ्या बोटी एकदम कामाला निघतात, त्यामुळे मशीन हवं तर मे संपायच्या आतच. नशीब, शेजारच्या काकूंनी तुमचं नाव काढलं. "मुंबईला गोदीत टर्नर होते, आता पोफळी शिंपतात," म्हणाल्या.

तुम्ही आलात ते पिशवीत डायल गेज, मायक्रोमीटर, बॅटरी आणि फडक्यात गुंडाळलेली, सपाटी बघायची बुडबुड्याची लेव्हल घेऊन. मी रंगाचं कौतुक करायला लागलो तर म्हणालात, "मेल्या, मुलगी बघायला आलायस काय?" मग गिअरचं झाकण उघडून आतल्या कोपऱ्यात बोट फिरवलंत आणि माझ्यासमोर धरलंत. सुकलेला, पिठासारखा बारीक गाळ. मशीन कधी पाण्यात नव्हतं, असं मालक दोनदा सांगून चुकला होता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी कुठवर चढली होती ते त्या बोटावर दिसत होतं. मला वाटलं, संपलं, चला घरी. तुम्ही भांडलाही नाहीत. हेडस्टॉकचं, म्हणजे फिरत्या गिअरच्या डब्याचं, तेल थोडं काढायला लावलंत, दोन बोटांत चोळलंत, कचकच लागली नाही. "आतून कोणीतरी वेळेवर धुतलंय. पण मोटर हिशोबात धरू नकोस. रिवाइंडिंगचे पैसे आत्ताच वजा कर."

चक म्हणजे काम धरून फिरवणारा जबडा; त्याच्याजवळचा हातभर बेड आधी झिजतो, कारण बहुतेक कामं तिथंच होतात, हे मी वाचलं होतं. झीज ओळखायची कशी ते तुमच्याकडून कळलं. सॅडलचा, म्हणजे हत्यार घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाचा, लॉक चकाजवळ हलकासा आवळायचा आणि सॅडल टेलस्टॉककडे, म्हणजे पलीकडच्या टोकाच्या आधाराकडे, न्यायचं. बेड खाल्लेला असला तर पलीकडच्या कोऱ्या भागावर ते अडतं. आमचं शेवटच्या वीतभरात जड झालं, अडलं नाही. त्या टोकाला कारखान्यातल्या स्क्रेपिंगच्या (हाताने खरवडून सपाट केल्याच्या) खुणा माशाच्या खवल्यांसारख्या शाबूत होत्या. चक फिरवणाऱ्या स्पिंडलच्या नाकावर डायल लावून चकात सागाचा दांडा धरून उचललात. काटा तीन घरं हलला, ०.०३ मिमी, आणि सोडल्यावर शून्यावर आला; म्हणजे बेअरिंग अजून धड.

मी मात्र अडून बसलो होतो क्रॉस स्लाइडवर, हत्यार आडवं सरकवतो त्या भागावर. हँडल पाव फेरा नुसतंच फिरत होतं. "हा नट गनमेटलचा. नवा तू याच मशीनवर बनवशील. बेड बनवशील काय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवशीचं खरं शिक्षण पुढे होतं. २५ मिमीचा बार चकातून चार इंच बाहेर काढून, टेलस्टॉक न लावता बारीक कट घेतला. मायक्रोमीटर सांगत होता, बाहेरचं टोक ०.०८ मिमी जाड. माझा चेहरा पडला, मालकाचाही. तुम्ही गुडघ्यावर बसलात आणि बॅटरी पायांखाली मारलीत. टेलस्टॉककडच्या मागच्या पायाखाली कोणीतरी लाकडाची पाचर ठोकली होती. ती काढून पत्र्याचे तुकडे सारत बसलात, बेडवर लेव्हल आडवी ठेवून, एकदा चकाजवळ, एकदा पलीकडे, बुडबुडा दोन्हीकडे एकाच जागी येईपर्यंत. तासभर. पुन्हा कट घेतला: ०.०२. बेडला पीळ बसला होता, तो फरक झिजेचा नव्हताच. झिजेचा असता तर पाचर काढून तो गेला नसता. मी एकटा असतो तर त्या ०.०८ वर मशीन सोडून आलो असतो, किंवा त्याच्याही आधी रंगावर भाळून घेतलं असतं.

एक गोष्ट मात्र अजून मनाला टोचते. बाकाखालचा गिअरचा डबा मालक भंगारात घालणार होता. तुम्ही वर पडलेल्या मोठ्या गिअरचे दात मोजलेत, १२७, आणि एवढंच म्हणालात, "तो डबा पण गाडीत टाकायला सांग." लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू, इंचाला चार आट्यांचा, आणि पाच इंच म्हणजे १२७ मिलिमीटर, त्या गिअरवाचून मिलिमीटरचे आटे अचूक पडत नाहीत, हे तुम्ही मला परतीच्या वाटेवर सांगितलंत. मालकाला सांगायला हवं होतं का? तुम्ही म्हणालात, "त्याने गाळाचं सांगितलं होतं काय?" हिशोब फिटला असेलही. मी अजून ठरवू शकलेलो नाही.

१ लाख ६० हजारांचं मशीन १ लाख २५ हजारांना मिळालं. पहिला शाफ्ट जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उतरला. खारा वारा आहे म्हणून रोज रात्री बेड पुसून, तेल लावून, गोणपाटाने झाकतो. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. बंदी उठली की सुरमई घेऊन येणार होतो, पण तुमची लेव्हल इथंच राहिली आहे, तेव्हा तुम्हीच या. नवा क्रॉस नट बसवलाय, जरा फिरवून बघा. मला तो अजून थोडा सैल वाटतो.

तुमचा,
मिरकरवाड्याचा वर्कशॉपवाला