गाडीची ओळ कुठे आहे?

मा. संपादक,

निवृत्तीनंतरच्या खर्चाचे तक्ते हल्ली सगळेच देतात. त्यांत किराणा, औषधे, वीजबिल असते. गाडी मात्र फक्त इंधनापुरती. आयुष्य हिशेब तपासण्यात गेल्यामुळे ही गाळलेली ओळ मला खुपते. साठीला निवृत्त झालेला माणूस पंचाहत्तरीपर्यंत गाडी चालवणार असेल, तर ती एकदा तरी बदलावी लागणारच. नव्या गाडीच्या किमतीतून जुनीचे येतील तेवढे पैसे वजा करा, गाडी बदलेपर्यंत उरलेल्या महिन्यांनी भागा आणि तो आकडा दरमहा वेगळ्या खात्यात टाका. किंमत आजची धरू नका: वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर ती १२ वर्षांत दुप्पट होते. आमच्याकडे असे खाते आहे. बायको मला त्याला हात लावू देत नाही, तेच बरे.

प्रवासाचे गणित उलटे. तो खर्च सगळ्या वर्षांत सारखा वाटण्यात अर्थ नाही. गुडघे धड आहेत तोवर, पहिल्या दहा वर्षांतच मोठा वाटा उडवावा. पुढे प्रवास विमाही वयाबरोबर महागतो. आणि दोघेही घरीच असताना दुसऱ्या गाडीचा विमा कशासाठी भरायचा, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

– एक निवृत्त हिशेबतपासनीस