दाजीपूर बंद असते तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की शनिवार-रविवारी कोल्हापुरातून गाड्या दाजीपूरला सुटतात आणि 'बंद आहे' हे ऐकून गेटवरच हुज्जत सुरू होते. दाजीपूर ज्यात येते ते राधानगरी अभयारण्य काय आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान काय, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सफारी बंदच. आतले रस्ते मातीचे. जीपच्या चाकाने एकदा चर पडला की त्यातूनच पाणी धावते आणि रस्ता वाहून जातो. वर झाड आडवे पडले, गाडी रुतली, तर मदत बोलवायला मोबाइलला रेंज नाही. वनरक्षकाशी भांडून यातले काहीच बदलत नाही.

अभयारण्याबाहेरचा राधानगरी-दाजीपूर पट्टा मात्र मुलाबाळांसह एका दिवसात होतो. निघण्याआधी पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी बघावी. इशारा 39 फुटांचा, धोका 43 चा, हे इथे शाळकरी पोरालाही पाठ असते. पण छोटे बंधारे त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात. मोबाइलच्या नकाशाने बंधाऱ्यावरून 'जवळचा रस्ता' दाखवला, तरी मुख्य रस्ता सोडू नये.

राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरले की बटण न दाबता आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटते. म्हणून धरण भरत आलेले असताना खाली भोगावतीच्या पात्रात फोटोसाठीसुद्धा उतरू नये. राऊतवाडीच्या धबधब्यावरही पाणी अचानक गढूळ झाले, काटक्या-पाला वाहत आला, की पोरांना उचलून आधी काठावर यायचे. वर पाऊस वाढल्याची ती खूण असते. कातळावर शेवाळ असते, तिथे रबरी चप्पल घसरते. खोल खाचांच्या तळाचे बूटच हवेत.

जळवांची भीती उगाच फार. पँट मोज्यात खोचावी आणि मोज्यांना वरून मीठ चोळावे. पावसात ते धुऊन जाते, म्हणून पुडी खिशात असू द्यावी. चिकटलेल्या जळूवर मात्र मीठ टाकू नये, ती जखमेतच ओकते. नखाने आधी तिचे निमुळते तोंड सरकवावे, मग मागचे टोक. रक्त बराच वेळ वाहते, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. स्वच्छ फडके दाबून धरले की थांबते. जीन्स घालू नये. ती दिवसभर वाळत नाही आणि मुले गारठतात. छत्री दाजीपूरच्या वाऱ्यात उलटी होते, त्यापेक्षा रेनकोट बरा. प्रत्येकी मोज्यांचे दोन जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्यावेत.

धुक्यात अप्पर लाइट लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, डिपरवरच चालवावे. रस्त्यात गवा दिसला तर गाडी लांब थांबवावी, हॉर्न नको, काच खाली नको. कळप आपणहून निघून जातो. एकट्या नराचा भरवसा नसतो. उतरून सेल्फी घेणाऱ्यांना काय म्हणावे! परतीला चारच्या आत निघावे. जेवणाला भाकरी, खर्डा, उकडलेली अंडी पुरतात. तांबडा-पांढरा घरी आल्यावर.

आपल्याकडे एकच मागणी. पावसाळ्यात दर शुक्रवारच्या अंकात पंचगंगेची पातळी, पाण्याखालचे बंधारे, बंद घाट आणि राधानगरी धरणातला साठा एकाच चौकटीत छापावा. आज ही माहिती चार पानांवर विखुरलेली असते आणि शनिवारी सकाळी गाडी काढणारा त्यातली एकच बातमी वाचून निघतो.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर