पडद्यावरचा नळ आणि शाळेतला हापसा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका प्राथमिक शाळेत मुलांना हात धुण्याविषयीचा ॲनिमेशनपट दाखवला गेला, तेव्हा मी निवृत्त शिक्षक या नात्याने उपस्थित होतो. मुले खळखळून हसली. नंतर तिसरीतल्या एका मुलाला मी विचारले, ‘तुझ्या हातावर जंतू आहेत का?’ त्याने दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले आणि ‘नाहीत’ असे ठामपणे सांगितले. पडद्यावरचे जंतू हिरवे, शिंगे असलेले आणि उंदराएवढे होते. तेव्हा पाहिलेल्या पुराव्यानुसार त्याचे उत्तर बरोबरच होते.

वास्तविक डोळ्यांना न दिसणारे दाखवणे हेच ॲनिमेशनचे बळ आहे. राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुले अल्बेंडाझोलची गोळी चघळतात, पण जंत पोटात आला कुठून, हे त्यांना कोणी दाखवत नाही. उघड्यावरच्या शौचातून मातीत मिसळलेली जंताची अंडी नखांत अडकून भाकरीबरोबर पोटात कशी जातात, आणि हुकवर्म या जंताची अळी तर तोंडाची वाट न धरता अनवाणी पायाच्या कातडीतूनच आत कशी शिरते, हा प्रवास चित्रांतून दोन-तीन मिनिटांत उलगडता येतो. मात्र आधी साधा तळवा, मग भिंगाखालचे नख, मग त्याहून मोठे केलेले मातीचे कण अशा पायऱ्या दाखवल्या, तरच ‘दिसत नाही म्हणून नाही’ हा मुलांचा समज दूर होईल. कापसाच्या शेतात आईबापांमागे अनवाणी हिंडणाऱ्या मुलांना चपलेचे महत्त्व सांगायला शिंगे असलेला राक्षस लागत नाही.

दुसरी गोष्ट परिसराची. त्या चित्रातल्या घरात फरशी लावलेले न्हाणीघर, बेसिन आणि नळ होता. शाळेच्या आवारात हापसा आहे. तिथे एकाने दांडा मारायचा आणि दुसऱ्याने हात धुवायचे, अशी जोडी लागते. हेच दृश्य चित्रात का असू नये?

असे काम पूर्वी झालेले आहे. युनिसेफने १९९० च्या दशकात दक्षिण आशियासाठी ‘मीना’ या लहान मुलीचे ॲनिमेशन पात्र घडवले. ते साकारण्यात मुंबईचे ॲनिमेशनकार राम मोहन यांचा मोठा वाटा होता. तिचा चेहरा आणि पोशाख ठरवण्यापूर्वी रेखाटने लोकांना दाखवून त्यांची मते घेतली गेली, म्हणूनच ती अनेक देशांतल्या मुलांना आपल्याच गावची वाटली.

खान्देशात अहिराणी, पावरी, भिली बोलणारी मुले पहिलीत येतात, तेव्हा प्रमाण मराठी त्यांना अर्धीच कळते. ‘काय करी राहिना रे आंडोर?’ (काय करतो आहेस रे पोरा?) एवढे एक अहिराणी वाक्य पडद्यावरून ऐकू आले, तरी वर्ग सावरून बसेल. नव्या बोलीत आवाज भरण्यासाठी सगळी चित्रे पुन्हा काढावी लागत नाहीत, हेही लक्षात घ्यावे.

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हा परिषदांच्या शिक्षण आणि आरोग्य विभागांनी मिळून असा एखादा लघुपट करावा, आणि तो पक्का करण्याआधी त्याचा कच्चा खर्डा दुर्गम पाड्यावरच्या एखाद्या शाळेत नेऊन मुलांना दाखवावा, अशी विनंती आहे. त्या वेळी साबणाच्या वड्याही सोबत न्याव्यात. वर उल्लेखिलेल्या हापशाजवळ त्या दिवशी साबण नव्हता.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
शिरपूर, जि. धुळे